वड-उंबराची भावकी

माझं ठरत आलेलं लग्न मी स्वतःच मोडलं होतं. कुणी कान भरले नव्हते, पत्रिकेत काही निघालं नव्हतं, मुलाकडच्यांनी नाक मुरडलं नव्हतं. मोडलं ते एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य माझ्या तोंडचं होतं. त्यातही वाईट असं की ते खरं होतं. खोटं बोलून लग्न मोडलं असतं तर निदान पश्चात्ताप तरी नीट करता आला असता.

पंचावन्न सालच्या आसपासची ही गोष्ट. आमचं गाव कुरुळी, नाशिक रस्त्यावर चाकणच्या थोडं अलीकडे. मी सातवी पास झाले तेव्हा गावात तेवढी शिकलेली दुसरी मुलगी नव्हती, आणि मला त्याचा भारी तोरा होता, हे आता या वयात कबूल करायला हरकत नाही. वडिलांनी साऱ्या भावकीचा विरोध पत्करून मला पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवलं. दोन वर्षांनी परतले ती चाकणच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होऊनच. गाडी मिळाली तर गाडीने, नाहीतर पायी, रोज शाळेला जायचं. वाटेत गावातल्या बायका शेतातून हाका मारायच्या, "बाई चालल्या गं, बाई." त्या चेष्टा करत होत्या, पण मला ती हाक आवडायची.

ट्रेनिंगला आम्हाला सृष्टिज्ञान शिकवायला एक बाई होत्या. अंगाने काटकुळ्या, नऊवारी नेसायच्या, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावर पेंगणारी मुलगी दचकून उभी राहायची. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर एक टोपली उपडी केली. पानं, फुलं, शेंगा, फळं, काय वाटेल ते होतं तिच्यात. म्हणाल्या, "ह्याचे गठ्ठे करा." आम्ही बहुतेक खेड्यातल्या मुली. पाच मिनिटांत गठ्ठे झाले: भाजीचं एक, औषधाचं एक, देवाला वाहायचं एक, गुरांच्या वैरणीचं एक. जे कशातच बसत नव्हतं ते आम्ही टेबलाच्या कडेला लोटलं.

बाईंनी सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तुमच्या कामाचे गठ्ठे झाले. आता ह्यांच्या नात्याचे करा."

मग त्यांनी फळ्यावर एक उभी रेघ ओढली, तिला फांद्या काढल्या, फांद्यांना पुन्हा फांद्या काढल्या. जगात आज जे जे जिवंत आहे ते जुन्या कशापासून तरी आलेलं आहे, हळूहळू बदलत, वेगळं होत, असं त्यांनी सांगितलं. कोण कोणापासून वेगळा निघाला आणि किती आधी निघाला हे शोधायचं, आणि गठ्ठे त्याप्रमाणे लावायचे. नुसत्या दिसण्यावर जायचं नाही आणि उपयोगावर तर नाहीच नाही. "रुईला चीक असतो, पपईलाही असतो," बाई म्हणाल्या, "म्हणून त्या बहिणी होत नाहीत. दोघांनी एका रंगाची पागोटी बांधली तर ते भाऊ होतात का?"

शहरातल्या मुलींना हे पाठ करावं लागलं. आम्हा खेड्यातल्यांना ते ऐकताक्षणी कळलं, कारण आम्ही हेच शिकत लहानाच्या मोठ्या झालो होतो. कोणाच्या घरी कोणी गेलं तर सुतक आपल्याला लागतं, कोणाच्या घरी नुसतं भेटून यायचं, कोणता चुलता सख्खा आणि कोणता तीन पिढ्यांमागे वेगळा निघालेला, हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. झाडांनाही अशीच भावकी असते, एवढंच काय ते नवीन होतं. मला त्याचं असं वेड लागलं की निरोपाच्या दिवशी बाईंनी मला आपलं छोटं भिंग देऊन टाकलं. "तू नाहीतरी परत करणार नव्हतीस," म्हणाल्या.

घरी आल्यावर मी कुणालाच सुखाने बसू दिलं नाही. आई वांगी चिरत होती तेव्हा मी तिला सांगितलं की वांगं, मिरची, टोमॅटो, बटाटा आणि धोतरा ही सगळी एका घरची. आईने विळीवरून मानही वर केली नाही. म्हणाली, "धोतऱ्याला माझ्या चुलीपाशी आणू नगंस. सोयरा असंल तर तुझा." वडिलांना मात्र कौतुक. गोठ्यात वैरण टाकताना ते मुद्दाम विचारायचे.

"बैल अन् म्हस?"

"जवळची."

"अन् घोडं?"

"लांबचं. त्याच्या खुराला चीर नसते."

मग हेच ते पारावर जाऊन असं सांगायचे की जणू घोड्याचा खूर त्यांनीच पहिल्यांदा पाहिला. शाळेतल्या मुलींनी वटवाघूळ पाखरांत टाकलं होतं, त्यातलीच एक उठून म्हणाली, "बाई, पर ते पिल्लू छातीला धरून पाजतंय. म्या देवळात बगितलंय." अख्ख्या वर्गाने वटवाघूळ उचलून गाई-मांजरांच्या रांगेत नेऊन ठेवलं. त्या दिवशी मी घरापर्यंत जवळजवळ उड्या मारत आले.

अशात मला स्थळ आलं. मुलगा मोशीचा, इंद्रायणीकाठच्या शेतकरी घरातला, मॅट्रिक झालेला. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना नुकताच निघाला होता, तिथे तो कामाला लागला होता. तिथे काचेच्या भांड्यांत बुरशी वाढवतात आणि तिच्यापासून औषध काढतात, हे ऐकून आमच्याकडे हसून हसून पुरेवाट झाली. आईच म्हणाली, "बुरशी तर आमच्या शिळ्या भाकरीवर बी येती, तिच्यासाठी मॅट्रिक कशाला व्हाया पायजे?" मला मात्र हसू आलं नाही. दिवसभर एका जिवाची निगराणी करणारा माणूस मला त्या पंचक्रोशीत दुसरा माहीत नव्हता. शिवाय लग्नानंतर मुलीने शाळा सोडावी असं त्यांचं म्हणणं नाही, असाही निरोप आला होता. अशी स्थळं तेव्हा येत नसत. मी वरवर मान खाली घातली आणि आतून होकार देऊन मोकळी झाले.

आमच्याकडे लग्न जुळवताना पत्रिकेच्याही आधी देवक विचारतात. देवक म्हणजे घराण्याची खूण. कुणाची पिसाची असते, बहुतेकांची झाडाची. लग्नाच्या आदल्या दिवशी त्या झाडाची डहाळी वाजतगाजत आणतात, तिची पूजा करतात, आणि मग पुढचं कार्य. ज्यांचं देवक एक ती घराणी भाऊभाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आमचं देवक उंबर. उंबराचं लाकूड आमच्या चुलीत कधी गेलं नाही, आणि पिकून पायाखाली पडलेलं उंबर मी कधी तोंडात टाकलं नाही. ट्रेनिंगला पहिल्यांदा उंबर चिरायची वेळ आली तेव्हा मी आधी हात जोडले होते, मग सुरी चालवली. मुलाकडचं देवक वड. म्हणजे काही अडचण नव्हती. पत्रिका जमली, मध्यस्थाने सुपारी खिशातच ठेवली होती, फक्त मुलगी बघण्याचं तेवढं राहिलं होतं.

माघात ते बघायला आले. ओसरीवर मुलगा, त्याचे वडील आणि मध्यस्थ; मुलाची आई आत माजघरात बायकांत. मी पोहे देऊन समोर बसले. मुलाने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि इतका गडबडला की पोह्यांतली मिरची अख्खी चावली. डोळ्यांत पाणी आलं तरी त्याने पाणी मागितलं नाही. माझं मन तिथेच ठरलं, हे मी पुढे त्यालाही पुष्कळ वर्षं सांगितलं नाही.

त्याचे वडील उंच, डोक्याला तांबडं मुंडासं, बोलणं मोजकं. अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता त्यांनी विचारलं, "शाळंत काय शिकवती पोरींना?"

मला सांगून ठेवलं होतं की विचारतील तेवढंच सांगायचं. मी तेवढंच सांगितलं. "झाडांची आणि प्राण्यांची नाती."

"झाडास्नी नाती असत्यात?"

"असतात."

"मग आमच्या वडाचं नातं कुनाशी?"

दाराआड माझी आई खोकली. तो खोकला माझ्यासाठी होता हे आज मला कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की माझ्या होणाऱ्या सासऱ्याने मला झाडाबद्दल प्रश्न विचारला आहे, आणि माझ्याने राहवेना.

"उंबराशी," मी म्हणाले. "वड आणि उंबर एकाच पूर्वजापासून आलेत. भावंडंच म्हणा ना."

अडकित्ता थांबला. "भावंडं?"

"सख्खी," मी म्हणाले, आणि वर तोंड करून पुढे चालू ठेवलं. दोघांचा चीक तसाच, कोवळ्या पानावरचं टोपण तसंच, फळाची घडण तशीच. "कुणीही फळ फोडून बघावं."

मुलाच्या वडिलांनी कातरलेली सुपारी तोंडात न टाकता तबकात ठेवली. माझ्या वडिलांचा चेहरा पाहिला आणि मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की मी आत्ता काय बोलून बसले. मध्यस्थाने पावसापाण्याचा विषय काढला. माघात पावसाचं काय बोलणार? थोड्या वेळाने मंडळी उठली. तिथीचं नाव कुणी काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी मध्यस्थ निरोप घेऊन आला. मुलाच्या वडिलांचं म्हणणं असं: "आमचा राग न्हाई. पोरगी हुशार हाय. पर वड अन् उंबर भाऊ, तर दोनी घरं भाऊ. पोरीच्याच तोंडून निघालं, आमी काय करावं?"

मला आधी त्यांचाच राग आला. झाडांचं शास्त्र काय आणि माणसांची लग्नं काय. पण दोन दिवस विचार केला तेव्हा मला रागावायलाही जागा उरली नाही. त्या माणसाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. गावात माझं बोलणं ऐकून लोक हसत, मान डोलवत, आणि सोडून देत. ह्या एका माणसाने ते खरं धरलं, आणि खरं धरल्यावर जे करायला हवं ते केलं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आणि तरीही मला तो मुलगा हवा होता. मला तो फार हवा होता. शाळेत नकाशे ठेवायच्या खोलीत जाऊन मी रडले, आणि बाहेर येऊन मुलींना पाढे म्हणायला लावले, म्हणजे मला बोलायला नको.

आईने माझ्याशी बोलणं टाकलं. वडील बोलले, पण चार दिवसांनी. "म्हन की चुकलं," ते म्हणाले. "मास्तरांचं बी चुकतंय. बाजाराच्या दिवशी ते चाकनला येत्यात. मी त्यास्नी शाळंपाशी बोलवतो. तू एवढंच सांग, चुकून बोलले, वडाचं अन् उंबराचं काई नातं न्हाई. मग बगू पुढं."

मी हो म्हणाले. खरं सांगते, मला जडही गेलं नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी कुरुळीपासून चाकणपर्यंत मी ते वाक्य घोकत गेले. माझी चूक झाली, वडाचं आणि उंबराचं काही नातं नाही. निम्म्या वाटेपर्यंत ते तोंडात चांगलं बसलंही. फक्त ट्रेनिंगच्या बाईंचा चेहरा मध्ये मध्ये दिसायचा, तेव्हा मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघायची.

फाल्गुन लागला होता, शाळा सकाळची होती. मुली घरी गेल्या आणि मी ओसरीवर टेबलापाशी थांबले. माझे वडील आले, त्यांच्यामागे तांबडं मुंडासं, आणि चार पावलं मागे मुलाची आई, हातात मेथीची रिकामी झालेली पाटी. त्या पायरीवरच टेकल्या. मी तोंड उघडणार तोच मुलाच्या वडिलांनी खांद्यावरच्या उपरण्याची गाठ सोडली आणि टेबलावर फळं ओतली. वडाची तांबडी बारीक, उंबराची मोठी.

"तू म्हनली हुतीस, फोडून बगा," ते म्हणाले. "बगितलं. एक फोडलं, मग धा फोडली. आतून दोनी सारखीच. माजी नजर गेली का काय म्हनून तुला दाखवाया आनलीत."

माझं घोकलेलं वाक्य तिथेच राहिलं. माझे वडील माझ्याकडे डोळे वटारून बघत होते: बोल की. काय बोलणार? ज्या माणसाने स्वतःच्या हाताने दहा फळं फोडून पाहिली, त्याला मी सांगायचं की नातं नाही?

मी पिशवीतून भिंग काढलं. एक उंबर मधोमध चिरलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी भिंग आधी उलटं धरलं, मग डोळ्याला लावलं, मग मी हात धरून ते फळाजवळ नेलं.

"हे बारीक बारीक काय?"

"फुलं."

"कशाची?"

"उंबराचीच, मामा. ह्याची फुलं बाहेर येत नाहीत. फळाच्या आतच असतात."

त्यांनी डोळा भिंगावरून काढला नाही. आमच्याकडे पुष्कळ दिवसांनी भेटलेल्या माणसाला उंबराचं फूल म्हणतात, कारण ते फूल कुणाला दिसत नाही. ज्याला दिसेल त्याचं दैव उघडतं म्हणतात. पन्नाशी ओलांडलेल्या त्या माणसाने ते चाकणच्या शाळेच्या ओसरीवर उभ्या उभ्या पाहिलं. मग वडाचं फळ पाहिलं. त्यातही तशीच फुलं. त्यांनी बायकोला हाक मारली. त्या उठून आल्या, वाकून दोन्ही फळं पाहिली, आणि काही न बोलता भिंग परत देऊन पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या.

"म्हंजी तू खरं बोलली हुतीस," मुलाचे वडील म्हणाले. "भाऊच हायत ही. मग लगीन कसं व्हावं?"

माझ्या वडिलांनी मान वळवली. त्यांना आता ऐकायचंही नव्हतं.

"कसं व्हावं ते मला कळत नाही, मामा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. "पण ती भावंडंच आहेत."

असं वाटलं की संपलं. ते जातील, मी शाळेला कुलूप लावेन, आणि पुढच्या वर्षी दुसरं स्थळ येईल नाहीतर येणार नाही. पण ते जाईनात. हातातलं अर्धं उंबर बोटांनी फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, आणि माझी खात्री आहे की केवळ जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "आनखी कोन कोन हाय ह्या भावकीत?"

मी सांगायला लागले. "अंजीर आहे. नांदरूक आहे. पायर आहे. आणि पिंपळ."

"पिंपळ?"

"हो. पिंपळ तर अगदी घरचाच."

पायरीवर पाटी आपटल्याचा आवाज झाला. मुलाची आई उठून उभी राहिली होती. माझ्याकडे न बघता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माज्या म्हायेरचं देवक काय हाय, सांगा की ह्यास्नी."

त्यांनी हातातलं उंबर टेबलावर ठेवलं.

"पिंपळ हाय," त्या मला म्हणाल्या. मग पुन्हा नवऱ्याकडे वळल्या. "तीस वर्सं झाली लगनाला. तुमचा वड, आमचा पिंपळ. पाच लेकरं झाली. आता मी तुमची भन झाले व्हय?"

माझ्या वडिलांनी तोंडाला उपरणं लावलं आणि ते भिंतीकडे वळून खोकू लागले. तो खोकला नव्हता. मुलाचे वडील मात्र हसले नाहीत. त्यांनी एकदा फळांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"अन् ज्याचं लगीन मोडलंत, त्यो पोरगा मग कुनाचा म्हनायचा?" त्या म्हणाल्या.

"थांब की जरा," ते म्हणाले. "इचार करू दे."

ते टेबलाच्या कडेला टेकले आणि खरोखरच विचार करत बसले. बाजारातला गलका ऐकू येत होता. माझे हात चिकाने चिकट झाले होते, ते पुसायचंही मला सुचलं नाही. शेवटी त्यांनी मला विचारलं, "ही वेगळी कवा निघाली म्हनती तू? किती पिढ्या झाल्या?"

"पिढ्या मोजताच येणार नाहीत, मामा. माणूस नव्हता तेव्हा ती वेगळी निघाली."

"मानूसच न्हवता?"

"नव्हता."

"मग देवक बी न्हवतं."

"कुठून असणार?"

त्यांनी मान हलवली, सावकाश, दोनदा. "म्हंजी आपले वाडवडील देवक धराया गेले, तवा त्यांच्या म्होरं वड वेगळा उभा हुता, उंबर वेगळं, पिंपळ वेगळा. त्यांनी वेगळं बगितलं, वेगळं पुजलं. त्यांचं बी बराबर, अन् तुजं बी बराबर." त्यांनी फळं गोळा करून उपरण्यात पुन्हा गाठ मारली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "चैत्रात तीथ बगा, पाव्हनं. पर पोरीला सांगा, आता आनखी कुनाचं नातं काढू नगं. लगनापातुर तरी."

माझ्या वडिलांनी हात जोडले. मग दोघे पान खायला म्हणून बाजाराकडे निघाले, आणि फाटकापाशी पोचायच्या आत मुलाचे वडील त्यांना उपरण्यातलं उंबर काढून दाखवत होते. मी ओसरीवर उभी होते.

मुलाची आई आपली पाटी उचलून चुंबळ नीट करत होती. मी पुढे होऊन पाटीला हात लावला. म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही मघाशी भिंगातून बघितलंत, पण तुम्हाला नवल नाही वाटलं."

"त्यात काय नवल," त्या म्हणाल्या. "आमच्या दारातच पिंपळ हुता, शेताच्या बांधाला वड. गुरं राखताना दोनीची फळं फोडून भातुकली मांडायचो. आतून सारखीच असत्यात, ल्हानपनापास्नं ठाव हाय मला."

"मग तुमच्या लग्नाच्या वेळी बोलला का नाहीत?"

त्यांनी पाटी डोक्यावर घेतली, एका हाताने सावरली, आणि बाजाराकडे गेलेल्या त्या तांबड्या मुंडाशाकडे एकदा बघून घेतलं.

"मोशीच्या जत्रंत ह्यास्नी बगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "मला पसंत हुते. मग मी कशाला बोलतीया?"